मेपल सिरपच्या पात्रातील वाळू आणि स्वयंपाकघरातील व्हिनेगर

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे कॅनडातील क्वेबेक व ऑन्टॅरिओ या प्रांतांत आणि अमेरिकेतील व्हरमाँट, न्यू यॉर्क, मेन यांसारख्या राज्यांत, फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत असे काही आठवडे येतात की रात्री पारा गोठणबिंदूखाली उतरतो, दिवसा त्याच्या वर चढतो आणि या चढउतारामुळे खोडात निर्माण होणाऱ्या दाबाने मेपलच्या झाडाला पाडलेल्या बोटभर खोल छिद्रातून रस ठिबकू लागतो. हा रस पाण्यासारखा पातळ आणि रंगहीन असतो. त्यात साखरेचे प्रमाण साधारण २ टक्के भरते आणि ती जवळजवळ सगळी सुक्रोज, म्हणजे उसात असते तीच साखर असते. सिरप म्हणून बाजारात जाण्यासाठी हे प्रमाण निदान ६६ टक्क्यांपर्यंत न्यावे लागते आणि तेवढे पाणी उडवण्याचा पूर्वापार मार्ग म्हणजे रस उकळत ठेवणे. ८६ या संख्येला रसातील साखरेच्या टक्केवारीने भागले की एक लिटर सिरपसाठी किती लिटर रस आटवावा लागेल हे कळते, असा एक सोपा आडाखा या व्यवसायात प्रचलित आहे. त्यानुसार २ टक्के साखरेचा रस असेल तर ४३ लिटर रसाचे एक लिटर सिरप होते.

हा आकडा सिरप इतके महाग का, हे समजावताना नेहमी सांगितला जातो. परंतु ज्या पात्रात हा रस आटतो ते पात्र इतके घाण का होते, याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे. उकळताना वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. झाडाने जमिनीतून ओढून घेतलेले कॅल्शियम, पोटॅशियम, मँगेनीज यांसारखे क्षार आणि झाडाच्या पेशींत तयार झालेली सेंद्रिय आम्ले पात्रातच राहतात आणि साखरेबरोबर त्यांचीही दाटी चाळीसपटीहून अधिक वाढत जाते. या आम्लांपैकी प्रमुख आहे मॅलिक आम्ल. कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये ते सफरचंदाच्या रसातून वेगळे केले आणि त्याचे नावही सफरचंदाच्या लॅटिन नावावरूनच पडले. मराठी वाचकाला मात्र ते हरभऱ्याच्या शेतातून अधिक ओळखीचे असावे, कारण हरभऱ्याच्या पानांवर जमणारी आणि उघड्या पायांना झोंबणारी आंब हे मुख्यत्वे मॅलिक आम्लच असते.

पातळ रसात कॅल्शियम आणि मॅलिक आम्ल दोन्ही सुखाने विरघळलेले असतात. रस दाट होऊ लागला की त्यांच्या संयोगाने कॅल्शियम मॅलेट हा क्षार बनतो, जो मुळातच पाण्यात फारसा विरघळत नाही. त्याला सामावून घ्यायला पुरेसे पाणी उरले नाही, की तो बारीक रव्यासारखा खाली बसतो. सिरप गाळताना गाळणीवर राहणारा आणि पात्राच्या तळाशी चिकटणारा हा करडा-तपकिरी गाळ तिकडे ‘शुगर सँड’, म्हणजे साखरेची वाळू, या नावाने ओळखला जातो. त्याला ‘नायटर’ असेही म्हणतात, आणि हे दुसरे नाव पुरते फसवे आहे, कारण इंग्रजीत नायटर म्हणजे दारूगोळ्यात वापरला जाणारा सोरा, तर पात्रातील या गाळाचा सोऱ्याशी काडीइतकाही रासायनिक संबंध नाही. वाळू हे नावही अर्धेच खरे. या गाळात कॅल्शियम मॅलेटच्या कणांबरोबर सिलिका आणि इतर खनिजे असतात, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे या कणांच्या सांदीसपाटीत पुष्कळशी साखर अडकलेली असते. कोणत्या वर्षी, कोणत्या जमिनीत आणि हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर या घटकांचे प्रमाण काय राहील याचा काही नेम नसतो. एकाच मळ्यातल्या पात्रावर एखाद्या आठवड्यात नुसता धुरकट पापुद्रा दिसतो आणि पुढच्या आठवड्यात दर काही तासांनी पात्र बदलण्याची वेळ येते.

हा गाळ नेमका कोठे बसतो हे कळण्यासाठी आटवणीच्या यंत्राची रचना पाहावी लागते. आपल्याकडच्या गुऱ्हाळात रसाचे एक आधण काहिलीत ओतून, त्याचा पाक होईपर्यंत आटवून मग ते उतरवले जाते. मेपलच्या इव्हॅपरेटरमध्ये मात्र रस एका टोकाने अखंड आत येतो आणि दुसऱ्या टोकाने सिरप होऊन बाहेर पडतो. विटांनी अस्तर केलेल्या लांबट चुलाणावर दोन सपाट चौकोनी पात्रे एकामागोमाग बसवलेली असतात. मागच्या पात्राच्या तळाला खोल उभ्या घड्या पाडलेल्या असतात, ज्यांच्यामधून ज्वाळा जातात आणि तापणारे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढते. ताज्या रसातील बहुतेक पाणी येथेच उडते. पुढच्या पात्राचा तळ सपाट असतो आणि त्याचे आडपडद्यांनी कप्पे पाडलेले असतात, म्हणजे दाट होत चाललेला रस नागमोडी वाटेने पुढे सरकत राहतो आणि दाट-पातळ एकमेकांत मिसळत नाहीत. शेवटच्या कप्प्यात तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सियसने वर गेले की सिरप झाले असे समजून तोटी उघडली जाते. गाळाचा खरा मुक्काम या पुढच्या पात्रात, त्यातही शेवटच्या एक-दोन कप्प्यांत असतो, कारण दाटी आणि आच दोन्ही तेथेच सर्वाधिक असतात.

तळावर बसलेला थर दिसायला किरकोळ असला तरी त्याचे परिणाम किरकोळ नसतात. पात्रात द्रव जेमतेम अडीच ते पाच सेंटिमीटर खोल असतो आणि खालून लाकडाचा किंवा तेलाचा रसरशीत जाळ असतो; पत्रा वाकत नाही तो केवळ वरचा द्रव उष्णता लगोलग ओढून घेतो म्हणून. मध्ये क्षाराचा थर आला की ही वाट अडते, कारण तो थर स्टीलच्या मानाने उष्णतेचा फारच मंद वाहक असतो. उकळीचा जोर कमी होतो, जळण जास्त लागते, आणि पत्र्याचे तापमान वाढत जाऊन थरात अडकलेली साखर करपू लागते. करपलेल्या साखरेचा वास सगळ्या सिरपला लागतो. त्यातच रसाची पातळी राखणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या बिजागरीत हाच गाळ साचून ती अडकली, तर पात्र कोरडे पडायला आणि काही मिनिटांत तळाचा पत्रा वाकायला वेळ लागत नाही. पात्र स्वच्छ ठेवणे ही टापटिपीची नव्हे, पात्र वाचवण्याची बाब आहे.

हंगाम चालू असताना या गाळाशी दोन हात करण्याच्या काही युक्त्या आहेत. पुष्कळ ठिकाणी पुढच्या पात्राची एक जादा जोडी ठेवतात आणि एक पात्र चुलाणावर असताना दुसरे भिजत पडलेले असते. काही यंत्रांत प्रवाहाची दिशा उलटवता येते, म्हणजे काल जेथून सिरप बाहेर पडत होते तेथून आज कमी दाट रस आत येतो आणि आदल्या दिवशीचा थर बऱ्याच अंशी स्वतःत विरघळवून घेतो. ही युक्ती जेथवर चालते तेथवर फुकटची आहे. तिची मर्यादा एवढीच की रस गाळ विरघळवतो तो पुढे पुन्हा कोठेतरी खाली बसवण्यासाठीच.

हंगाम संपल्यावरची जुनी रीत याहून आळशी आणि अधिक कल्पक आहे. शेवटचा, सिरपच्या लायकीचा न उरलेला रस दोन्ही पात्रांत भरून ती झाकून काही आठवडे तशीच ठेवायची. वसंतातील उबेने त्या रसात यीस्ट आणि जिवाणू वाढतात, साखरेपासून आम्ले तयार करतात आणि ती आम्ले तळाचा थर सैल करतात. मग पात्र उपसून पाण्याच्या जोरदार झोताने धुतले की पापुद्रे आपोआप सुटून येतात. यात पैसा खर्च होत नाही, पण पात्रावर साय धरावी तशी बुरशी धरते आणि वास असा सुटतो की शुगरहाउसजवळ, म्हणजे रस आटवण्याच्या त्या शेडजवळ, उभे राहणे नको होते. रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर ही रीत पाळणारा आपल्या पात्रातच एक प्रकारचे निकृष्ट व्हिनेगर बनवत असतो. बाजारातले व्हिनेगर वापरणारा तेच काम आठवड्यांऐवजी एका रात्रीत आणि नाक न दाबता करतो.

घरगुती व्हिनेगर म्हणजे अ‍ॅसेटिक आम्लाचे पाण्यातील सुमारे ५ टक्क्यांचे द्रावण. आम्लांच्या उतरंडीत अ‍ॅसेटिक आम्ल दुबळ्यांत मोडते आणि म्हणूनच ते चटणी-लोणच्यात चालते. मग दगडासारखा चिकटलेला थर ते कसे सोडवते हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर व्हिनेगरच्या ताकदीत नसून थराच्या स्वभावात आहे. कॅल्शियम मॅलेट हा कॅल्शियम आणि मॅलिक आम्ल यांचा क्षार. मॅलिक आम्लाच्या रेणूला सोडून देता येण्याजोगे दोन हायड्रोजन असतात आणि हे दोन्ही हायड्रोजन निघून गेल्यावरच तो कॅल्शियमशी असा घट्ट, न विरघळणारा संसार मांडतो. व्हिनेगरमधून त्याला निदान एक हायड्रोजन परत मिळाला की त्याची कॅल्शियमवरची पकड ढिली होते, आणि सुटलेल्या कॅल्शियमला अ‍ॅसेटिक आम्लाबरोबर कॅल्शियम अ‍ॅसेटेट हा पाण्यात सहज विरघळणारा क्षार बनवता येतो. मॅलिक आम्लाचा दुसरा हायड्रोजन अ‍ॅसेटिक आम्लाच्या हायड्रोजनपेक्षा थोडा अधिक घट्ट धरलेला असतो, म्हणून ही देवघेव व्हिनेगरच्या बाजूने झुकते; परंतु ती थोडीशीच झुकते, आणि या ‘थोडीशीच’मध्ये सफाईचे सगळे व्यावहारिक नियम सामावलेले आहेत. आम्ल गाळाच्या मानाने मुबलक हवे, त्याला वेळ द्यायला हवा आणि जमल्यास ऊब द्यायला हवी.

हिशेबच मांडायचा तर एक लिटर व्हिनेगरमध्ये साधारण ५० ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल असते आणि कागदावर तेवढे आम्ल १४० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मॅलेटला पुरे पडते. प्रत्यक्षात मात्र ही देवघेव अर्ध्यावर थबकते, म्हणून त्याच्या कितीतरी कमी गाळावर समाधान मानावे लागते. लहान उत्पादकाचे पुढचे पात्र ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब असेल, तर तळावर अडीच सेंटिमीटर द्रव राहण्यासाठी १८ लिटर द्रावण लागते. त्यात गॅलनच्या एका कॅनचे, म्हणजे पावणेचार लिटरांच्या आसपास व्हिनेगर आणि उरलेले पाणी, हे मिश्रण पातळ पापुद्र्यासाठी पुरते. थर जाड असेल तर पाण्याचा वाटा कमी करावा लागतो, आणि फारच जुन्या थरासाठी व्हिनेगर निव्वळ वापरावे लागते.

व्हिनेगर कोणते, यालाही महत्त्व आहे. या कामाला पांढरे, ऊर्ध्वपातित व्हिनेगर हवे. सफरचंदाचे व्हिनेगर आरोग्याच्या नावाखाली कितीही मिरवत असले तरी त्यात रंग असतो, गंध असतो, थोडी साखर असते, आणि गंमत म्हणजे ज्याला हाकलायचे ते मॅलिक आम्लही असते. अधिक तीव्र आम्लांचा मोह टाळणे त्याहून महत्त्वाचे. व्यवसायात फॉस्फोरिक आणि सल्फॅमिक आम्लांवर आधारित तयार पात्रशोधके मिळतात, ती लवकर काम करतात आणि मोठ्या उत्पादकांना परवडतात. परंतु त्यांना हातमोजे, डोळ्यांचे संरक्षण आणि मापात राहण्याची शिस्त लागते. हार्डवेअरच्या दुकानातील हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र स्टीलच्या पात्राला कधीच लावू नये. स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही तो त्यातील क्रोमियमने पृष्ठभागावर धरलेल्या अतिशय पातळ ऑक्साइडच्या पडद्यामुळे, आणि क्लोराइड हा त्या पडद्याचा वैरी आहे. तो पडद्याला बारीक भोके पाडतो आणि पत्रा तेथून सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यांनी पोखरला जातो. व्हिनेगरमध्ये क्लोराइड नसते, ही त्याची दुबळेपणाइतकीच मोठी गुणवत्ता आहे.

सफाईची सुरुवात व्हिनेगरने होत नाही. थरातील साखर आधी गेली नाही, तर ती क्षाराच्या कणांना लाखेसारखी लपेटून बसते आणि आम्ल आत शिरत नाही. म्हणून पात्रातले सिरप काढून घेतल्यावर त्यात गरम पाणी भरून ते काही तास ठेवावे आणि ओतून द्यावे. येथे रिव्हर्स ऑस्मोसिसचे यंत्र असलेल्यांची सोय होते. घरच्या आरओ यंत्रात शुद्ध पाणी ठेवून क्षारयुक्त पाणी टाकून देतात. मेपलच्या व्यवसायात रस उकळण्याआधी दाट करण्यासाठी हेच तंत्र वापरतात, तेव्हा हवा असतो तो दाट भाग आणि वाया जाते ते जवळजवळ क्षारमुक्त पाणी. हे फुकटचे मऊ पाणी पात्र भिजवायला आणि खंगाळायला नामी असते.

यानंतर व्हिनेगरचे मिश्रण ओतून ते ऊन करायचे. लाकडाच्या चुलाणावर हे काम जपून करावे लागते, कारण निखारे विझले असे वाटले तरी चुलाणाच्या विटा तासन्‌तास तापलेल्या राहतात आणि रिकामे पात्र त्यांच्यावर ठेवले तर करपते. म्हणून अनेक जण पात्र उचलून बाहेर गॅसच्या शेगडीवर ठेवतात. द्रावण हात पोळेल इतके तापावे, पण त्याला उकळी फुटू देऊ नये. अ‍ॅसेटिक आम्ल वाफेबरोबर उडते, त्यामुळे उकळवले तर कामाचे आम्ल हवेत जाते आणि डोळे चुरचुरतात. तापल्यावर आच बंद करून पात्र रात्रभर तसेच ठेवले की थरात बदल झालेला दिसतो. आदल्या दिवशी नखाने खरवडून पाहिला तेव्हा पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागलेला तळ सकाळी भिजलेल्या खडूसारखा मऊ होतो, बोट फिरवले की करड्या लगद्याची रेघ उमटते आणि खाली स्टीलची चमक दिसते. जेथे थर जाड असतो तेथे तो पापडाच्या तुकड्यांसारखा कडेने उचलला जातो. असे तुकडे निघू लागले की जोर लावण्याची गरज उरत नाही. जेथे निघत नाहीत तेथे घासण्यापेक्षा द्रावण बदलून पुन्हा एक रात्र देणे शहाणपणाचे, कारण पहिल्या द्रावणातील आम्ल एव्हाना कॅल्शियमच्या सेवेत खर्ची पडलेले असते.

घासायला नायलॉनचा ब्रश किंवा मऊ घासणी पुरते. लोखंडी तारेची घासणी वापरली तर तिचे बारीक कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि पुढे तेच गंजून स्टीलला डाग पाडतात. शिवाय ओरखडे पडलेल्या तळाला पुढच्या हंगामातला गाळ अधिक घट्ट धरतो. आडपडदे जेथे तळाला मिळतात तो कोपरा, तोटीचे आटे आणि रबरी वायसर, तापमापकाचा दांडा आणि तरंगत्या गोळ्याची पेटी या जागा हमखास विसरल्या जातात. सुटे होणारे भाग काढून एका बादलीत व्हिनेगरमध्ये वेगळे बुडवून ठेवणे सोपे पडते. मागच्या पात्राच्या घड्यांत क्षार कमी आणि बुळबुळीत सेंद्रिय मळ जास्त असतो, तेथे बाटली धुण्याच्या ब्रशाचा लांब दांड्याचा भाऊबंद लागतो. तळाच्या खालच्या, म्हणजे जाळाकडच्या बाजूला जमणारी काजळी हे वेगळेच प्रकरण आहे. तिच्यावर आम्लाचा काही परिणाम होत नाही, ती कोरडी असतानाच झाडून काढावी.

काळी पडलेली, करपलेली साखर हीदेखील व्हिनेगरच्या अधिकाराबाहेरची आहे, कारण तिचा मोठा भाग कार्बनचा असतो आणि आम्लात विरघळण्यासारखे त्यात काही उरलेले नसते. अशा डागावर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप लावून तो ओला ठेवणे किंवा सोड्याच्या गरम पाण्यात पात्र भिजवणे हा अधिक उपयोगी मार्ग असतो. मात्र येथेच एक लोकप्रिय चूक होते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की जो जोरकस फेस येतो त्याने पाहणाऱ्याचे समाधान होते, पण त्या फेसात आम्लाने अल्काला आणि अल्काने आम्लाला संपवलेले असते. मागे राहते ते सोडियम अ‍ॅसेटेटचे खारट पाणी, ज्याला ना क्षार विरघळवता येतो ना करपलेली साखर. दोन्ही वापरायचे तर एकानंतर एक, मध्ये पाण्याने धुऊन. कपड्यांचे ब्लीच तर व्हिनेगरच्या आसपासही नको, कारण दोघांच्या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि तो सुटला नाही तरी ब्लीचमधील क्लोराइड स्टीलचे नुकसान करतेच.

आतापर्यंतचे सगळे वर्णन डाग न देता जोडलेल्या स्टेनलेस स्टीलच्या पात्रांना लागू पडते. परंतु शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली जुनी पात्रे वेगळ्या धातूंची असतात आणि त्यांच्या बाबतीत व्हिनेगरचा निरुपद्रवी लौकिक धोक्याचा ठरतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर व्हिनेगर पडले की बारीक बुडबुडे येऊ लागतात. ती सफाई नसते, जस्त विरघळून हायड्रोजन सुटत असतो. तांब्याच्या पात्राची कल्हई जेथे गेलेली असते तेथे आम्ल आणि हवा मिळून हिरवट विषारी क्षार तयार करतात. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे मराठी घरांना जुने ठाऊक आहे आणि येथे घडते ते तेच. सर्वांत गंभीर प्रकार शिशाचा. साधारण १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेल्या पुष्कळ पात्रांचे सांधे शिसे मिसळलेल्या डागाने जोडलेले असत, आणि अ‍ॅसेटिक आम्ल व शिसे यांच्या संयोगाने होणारे लेड अ‍ॅसेटेट हे विषारी असून चवीला गोड लागते. प्राचीन रोममध्ये द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यांत आटवून गोड पाक करत, त्या पाकाच्या गोडीत या विषाचाही वाटा असे. ज्या पात्राच्या सांध्यांवर करड्या रंगाच्या मऊ धातूचा ओघळ दिसतो ते व्हिनेगरने स्वच्छ करण्याचा विचार करण्याऐवजी ते सिरपसाठी वापरणेच थांबवावे, हे बरे.

सफाईचा जो भाग सर्वाधिक कंटाळ्याचा, तोच सर्वाधिक महत्त्वाचा असतो, तो म्हणजे खंगाळणे. अ‍ॅसेटिक आम्लाचा काही अंश पुढच्या उकळीत उडून जाईल, पण कॅल्शियम अ‍ॅसेटेट आणि सैल झालेला गाळ उडत नाही. शिवाय आम्ल उरले तर ते सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन साध्या साखरांत विघटन करते, या साध्या साखरा उकळताना लवकर रंग धरतात आणि हंगामाच्या आरंभीचे फिकट सोनेरी सिरप, ज्याच्या नाजूक चवीचे सर्वांत कौतुक होते, विनाकारण गडद होते. म्हणून पात्र किमान तीनदा स्वच्छ पाण्याने भरून ओतावे, शेवटच्या पाण्यात लिटमस कागद बुडवून पाहावा आणि नंतर ते पाणी उकळवून त्याच्या वाफेला आंबूस वास येतो का हे तपासावे. भांड्याचा साबण या कामात अजिबात आणू नये. त्याचा सुगंध धातूच्या बारीक खाचांतून सिरपमध्ये उतरतो आणि गिऱ्हाइकाच्या जिभेला तो ताबडतोब कळतो.

उरलेले पाणी कोठे टाकायचे हाही प्रश्न असतो, कारण ही शेडघरे बहुधा डोंगरउतारावर ओढ्यालगत असतात आणि ओढ्यात ओतून देणे सर्वांत सोयीचे वाटते. त्या पाण्यातील साखर आणि आम्ल खाणारे जिवाणू वाढताना ओढ्यातील प्राणवायू वापरून टाकतात आणि तेथल्या माशांना तो कमी पडतो. त्यापेक्षा ते पाणी विहिरीपासून दूर, खडीच्या रस्त्यावर किंवा गवताळ जमिनीवर पसरून टाकणे आणि आधी त्यात खाण्याचा सोडा थोडाथोडा घालून फेस थांबेपर्यंत थांबणे चांगले. सोडा आणि व्हिनेगर एकत्र येण्याला अर्थ असलेली ही एकच जागा. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत आटवणीच्या नळ्यांतला क्षार काढण्यासाठी ठरावीक दिवसांनी यंत्र थांबवून कॉस्टिक सोडा उकळवतात आणि तेथेही धुण्याच्या पाण्याचा बंदोबस्त हा सफाईइतकाच मोठा विषय असतो. आकार वेगळा, गाळातील क्षारही वेगळे, पण आटवणाऱ्याची अडचण सारखीच.

धुतलेले पात्र उन्हात वाळवून, तोटी उघडी ठेवून, कोनात पालथे घालून ठेवतात, म्हणजे कोपऱ्यात पाणी राहत नाही आणि उंदरांना आत घर करता येत नाही. बादलीत भिजवलेले वायसर, गोळा आणि तापमापक पुसून एका डब्यात ठेवले जातात आणि त्या डब्यावर तारीख लिहिली जाते, कारण फेब्रुवारीत पहिला रस ठिबकू लागतो तेव्हा ते कोठे ठेवले होते हे कोणालाच आठवत नाही.